वर राहिलेला हात

सात नंबरच्या खाणीत पंपच नव्हता. ती कोरडी खाण. तरी कागदावर छापून आलं होतं की सात नंबरचा पंप चालू आहे आणि पाणी उतरतं आहे. पुष्पलतानं प्रिंटरवरून तो लांबच लांब कागद फाडून घेतला, टेबलावर पसरला आणि पेन्सिल घेऊन ओळीमागून ओळ बघायला लागली. आठ नंबरपुढे लिहिलं होतं, खाण कोरडी, पंप नाही. नऊ नंबरपुढे जे लिहिलं होतं ते आठचं होतं, हे तिला आकड्यांवरून ओळखू आलं. मग ती वर गेली, पार पहिल्या ओळीपर्यंत. पहिली जागा रिकामी होती आणि तिथून खाली सगळं एकेक घर सरकलेलं होतं. एकही उत्तर खोटं नव्हतं. गोपाळराव सकाळपासून म्हणत होते की हा नवा प्रोग्राम बरळतो आहे, त्याला आपली भाषा कळतच नाही. त्याला सगळं कळत होतं. तो आधीच्या प्रश्नाचं उत्तर देत होता. हे ती मनाशी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा पेन्सिलीचा हात कागदावरच थांबला. "ही कोण आहे?" "लहानू." दवाखान्यातला तो सवाल-जवाब तिला इतका स्पष्ट ऐकू आला की तिनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. थंड खोली होती, मशीनची घरघर होती, आणि दाराबाहेर सगळ्यांच्या चपला एका ओळीत काढून ठेवलेल्या होत्या.

नागपूरच्या सदर भागातल्या त्या इमारतीत खाणीखाणींतून टेलिप्रिंटरच्या तारेवरून मजकूर सतत येत असे. पाणी किती चढलं, वॅगनी किती भरल्या, पंप चालू की बंद. मशीन हा ओघ अडवत नसे. एक निरोप उचलायचा, ज्या प्रोग्रामचा असेल त्याच्या हाती द्यायचा, त्याचं उत्तर घ्यायचं आणि पुढचा निरोप उचलायचा, एवढंच त्याचं काम. हे सगळे प्रोग्राम फोरट्रान नावाच्या भाषेत लिहिलेले होते, कारण मधल्या मुख्य प्रोग्रामला दुसरी भाषा समजत नसे. हिशेबखात्यातली मंडळी कोबोलमध्ये लिहीत. ती कधीची मागे लागली होती की आमच्याही प्रोग्रामांना या ओघात बसू द्या. शेवटी वरून हुकूम आला आणि ते काम पुष्पलताकडे आलं. तिनं दोघांच्या मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवला आणि त्याचं नाव ठेवलं दुभाष्या. इकडून फोरट्रानमधला निरोप घ्यायचा, तिकडे कोबोलवाल्या प्रोग्रामला त्याला समजेल असा द्यायचा, आणि त्याचं उत्तर परत आणायचं. अंगावर शाल घेऊन त्या गारठ्यात ती महिनोन्‌महिने बसली होती. बाबा गेल्यापासून, म्हणजे भिवापूरला गेल्यापासून, दुसरं काही तिला आवडतच नव्हतं. दुभाष्या मात्र आवडला होता. गोपाळराव तिचे साहेब. माणूस सज्जन, पण कायम गाडी सुटत असल्यासारखा. त्यांनी विचारलं होतं, "आणि तुमचा तो कोबोलवाला विचार करत बसला, तर? मागं सगळं तुंबून राहील ना, बाई." ते खरंच होतं. मग तिनं लिहून टाकलं की दुभाष्याकडून ठरल्या वेळात उत्तर आलं नाही, तर त्याची वाट बघू नये, पुढचा निरोप द्यावा. "मेला समजायचं आणि पुढं जायचं," असं ते दोघं या गोष्टीबद्दल बोलताना म्हणत. बोलायची पद्धत. आता कळलं ते इतकंच की कोबोलवाल्याला सुरुवातीला जुळवाजुळव करायला वेळ लागला. मुख्य प्रोग्रामनं त्याला मेला समजून दुसरा प्रश्न टाकला, आणि तेवढ्यात पहिल्याचं उत्तर आलं. ते दुसऱ्याच्या नावावर पडलं. तिथून पुढे तो बिचारा सगळं बरोबर सांगत गेला आणि सगळं चूक ठरत गेलं.

बाबांना लकवा मारला तो दीडएक वर्षापूर्वी, दसऱ्यानंतर. दीक्षाभूमीवरून येऊन त्यांनी पांढरा सदरा धुऊन दोरीवर टाकला होता आणि तो वाळायच्या आत उजवी बाजू गेली. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. ते खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसले. "तुमचं नाव काय?" बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, आवाज नाही. डॉक्टरांनी जरा वाट बघितली, वाईट दिसू नये एवढी बघितली, आणि पुष्पलताकडे बोट केलं, "ही कोण आहे?" बाबा म्हणाले, "लहानू." डॉक्टरांनी मान हलवली. "गाव कोणतं तुमचं?" "पुष्पा." "मुलं किती?" "नागपूर." शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई तोंडाला पदर लावून हसली, आणि पुष्पलतालाही हसू आलं होतं. डॉक्टर तिला व्हरांड्यात घेऊन गेले आणि म्हणाले की बोलणं आहे पण समज गेली आहे, विचारलेलं मेंदूपर्यंत पोचत नाही, आता यांना लहान मुलासारखं धरून चाला. तिनं हो म्हटलं. गणितात बी.एस्सी. झालेली बाई, दिवसभर ओळींचा मेळ घालून पगार मिळवणारी. चार प्रश्न आणि तीन उत्तरं तिच्यासमोर ओळीनं मांडली होती आणि तिला त्यांचा मेळ घालता आला नाही. कागदावर असती तर घातला असता. बापाच्या तोंडून आली म्हणून ती बरळ झाली.

आणि कुणाच्या तोंडून? बाबा, म्हणजे लहानूजी, गिरणीत साचेखात्यात होते. मागांच्या त्या खडखडाटात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नसे. तिथं माणसं ओठ मोठे हलवून, बोटं नाचवून बोलायची, आणि त्यांचा एक रिवाज होता. ज्यानं निरोप घेतला त्यानं हात वर करायचा. म्हणजे कळलं. मग निरोप देणाऱ्यानं तो हात बघून आपलाही हात वर करायचा. म्हणजे तुला कळलं, हे मला कळलं. मग दोघांनी हात खाली घ्यायचे आणि पाठ फिरवायची. त्याआधी नाही. एकदा एक जण हात वर व्हायच्या आधीच वळून गेला आणि दुसऱ्याचं बोट पट्ट्यात गेलं, असं बाबा सांगत. टिमकी मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांतही ते तसंच वागत. पुष्पा शाळेत निघाली की म्हणायचे, "पुष्पे, सडकेच्या कडेकडेनं जाजो." मग तिनं हात वर करायचा, मग त्यांनी करायचा. उलटंही चाले. ती म्हणायची, "बाबा, येताना पेन्सिल आणा," आणि बाबा हात वर करायचे. एकदा तिनं मुद्दाम आपला हात वर केलाच नाही. नुसती दारात उभी राहून हसत राहिली. बाबा गल्लीच्या मधोमध हात वर करून उभे. कामावर जायची वेळ झालेली, येणारेजाणारे थट्टा करताहेत, "काय गा लहानू, कोणाची शपथ घेऊन राहिला?" आणि हा माणूस हात खाली घेईना. आई आतून ओरडली तेव्हा कुठे तिनं हात उचलला. मग बाबा हसले आणि गेले. त्यांना राग आला नव्हता. ते थांबले होते इतकंच. दवाखान्यात त्यांचा उजवा हात चादरीवर मेल्यासारखा पडलेला होता. प्रश्न पोचला हे सांगायची त्यांची जी एक रीत होती, ती नेमकी त्याच हाताबरोबर गेली होती. लहानूजीच्या मुलीनं मशीनला काय शिकवलं, तर थोडं थांब आणि पुढं जा.

"बाबा, चहा घेता का?" ती सकाळी विचारायची आणि स्टोव्हकडे वळायची. परत येऊन विचारायची, "पाय चेपू का?" बाबा म्हणायचे, "साखर जास्त टाक." सुरुवातीला ती रडली. मग सवय झाली. नंतर नंतर ती उत्तराकडे लक्षच देईनाशी झाली. प्रश्न तरी कशाला विचारायची? आजारी माणसाशी बोलत राहावं म्हणतात, म्हणून. एकामागून एक प्रश्न टाकत ती खोलीभर फिरायची, ऑफिसची पिशवी भरायची, केस विंचरायची, आणि मागून ते शब्द येत राहायचे, एकेक पाऊल मागे. शेजारच्या प्रयागबाई दुपारी त्यांच्यापाशी बसत, पण त्यांचंही वय झालं होतं. एका संध्याकाळी पुष्पलता आली तेव्हा बाबा खाटेवरून खाली पडलेले होते, किती वेळ ते कुणालाच माहीत नव्हतं. मग तिनं शोभाताईला बोलावून घेतलं. शोभाताई मोठी, भिवापूरला दिलेली. घरी मिरचीचं शेत, माणसांचा राबता. ती आली, बाबांच्या कपाळावर हात ठेवून बसली आणि तिच्या घाईघाईच्या पद्धतीनं विचारायला लागली. "बाबा, जेवले का तुम्ही?" बाबा गप्प. "भिवापूरले येता का माह्यासंगं?" "हाव." दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. ताईनं त्यांच्या कमरेखालचा लाल झालेला भाग दाबून विचारलं, "इथं दुखते का?" "नाही." "मग पुष्पीले सांगू का तुमचे कपडे भराले?" "हाव." किती सुटसुटीत झालं होतं सगळं. बाबा यायला तयार, दुखत काही नाही, कपडे भरायला हरकत नाही.

आता सदरच्या त्या थंड खोलीत पेन्सिल हातात धरून पुष्पलतानं ती उत्तरं एकेक घर वर सरकवली. जेवले का? हाव. भिवापूरले येता का? नाही. इथं दुखते का? हाव. त्यांनी तर सगळं सांगितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि त्याच नाहीच्या आधारावर त्यांच्या दुखण्यावरची गोळी बंद झाली होती. आणि मला तेव्हा काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं, तिनं स्वतःला सांगितलं. ते हाव ऐकायला मी टपून बसले होते. म्हणून ते खरं वाटलं. त्यांची बाकी सगळी उत्तरं मला बरळ वाटायची, आणि तेवढं एक उत्तर शुद्धीतलं वाटलं.

निघायच्या दिवशी तिनंच त्यांच्या करदोड्याला बांधलेली किल्ली सोडून घेतली होती. टिमकीच्या खोलीची किल्ली ते कायम तिथं बांधत. कुलपाची दुसरी किल्ली कधीच हरवली होती. गाठ जुनी, घट्ट, तिनं दातानं सोडवली. बाबा त्या वेळी तिच्या डोक्याकडे बघत होते. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्यांना मागच्या सीटवर आडवं करून तिनं विचारलं, "बाबा, मी दर रविवारी येईन. येऊ ना?" बाबांचे ओठ हलायला लागले आणि जीप निघाली. पहिल्या रविवारी ती गेली. दुसऱ्याही. मग दुभाष्याचं काम आलं आणि रविवारीही ऑफिस सुरू झालं. मग घरमालक म्हणाला, म्हातारबुवा काही आता परत येत नाहीत, खोली सोडा. एकटीला दोन खोल्या कशाला, असं तिलाही वाटलं. प्रताप नगरात इंदुताई नावाच्या बाईंच्या घरामागची एक खोली मिळाली. टिमकीची किल्ली तिनं घरमालकाच्या हातावर ठेवली तेव्हा तो म्हणाला होता, "कुलूपही राहू द्या, चांगलं आहे." तिनं कुलूपही दिलं. हे सगळं बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. समज गेलेल्या माणसाला काय सांगायचं.

गोपाळराव आत आले तेव्हा ती कागदासमोर तशीच बसलेली होती. "सापडलं काही? हे काय होऊन राहिलं तुमच्या दुभाष्याचं?"

"त्याचं काही चुकत नाही, सर. तो उशिरा बोलतो. आपण तोपर्यंत पुढचं विचारतो, आणि त्याचं उत्तर भलत्याला चिकटतं."

गोपाळरावांनी कागदावर बोट फिरवलं. माणूस हुशार होता. दोन ओळींतच त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा. म्हणजे सगळं बरोबरच आहे की! मग काय करायचं म्हणता?"

"प्रत्येक निरोपाला नंबर द्यायचा. उत्तरासोबत तोच नंबर परत आला पाहिजे. मग कितीही उशिरा येऊ द्या, ज्याचं त्याला मिळेल."

"झकास. संध्याकाळपर्यंत होईल?"

"सोमवारी करते," ती म्हणाली. "मला भिवापूरला जायचं आहे. आत्ता." गोपाळरावांनी एवढंच विचारलं, "वडील बरे आहेत ना?" तिनं शालीची घडी केली, मशीनवरून ओघळणाऱ्या कागदाकडे एकदा बघितलं आणि बाहेर येऊन चपला घातल्या. बाहेरचं ऊन अंगावर आलं. फेब्रुवारी संपत आला होता. दुपार तापायला लागली होती.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. माणसाला नंबर कुठे देणार, हे तिच्या मनात घोळत राहिलं. त्यांना मिळालेले प्रश्न आणि त्यांनी दिलेली उत्तरं आता कशी जुळवायची? दवाखान्यापासून आजपर्यंत त्यांना कुणी कुणी काय काय विचारलं असेल, प्रयागबाईंनी, कंपाउंडरनं, ताईच्या पोरांनी. त्या प्रत्येकाला त्यांनी उत्तर दिलं असेल, आणि ते देताना समोरच्याची पाठ बघितली असेल. त्यांना काय वाटत असेल? आपण तर सगळं बरोबर सांगतो आहोत, मग ही माणसं अशी का वागतात? मी साखर जास्त मागतो आणि ही माझे पाय चेपते. मी नाही म्हणतो आणि हे मला जीपमध्ये घालतात. तिला वाटलं, आपल्याला वेड लागलं असं त्यांनाच वाटलं असेल. नाही तर असं वाटलं असेल की आपल्या पोरींना आपली भाषा कळेनाशी झाली. उमरेडला बस थांबली. कुणी तरी संत्री विकत होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं उतरता?" आणि पुष्पलतानं इतक्या उशिरा सांगितलं की ती बाई तोवर दुसऱ्या बाजूला वळून बसली होती.

ताईच्या अंगणात मिरचीचा नुसता लाल गालिचा पसरलेला होता. फाटकापासूनच ठसका लागला. शोभाताई नाकातोंडाला पदर बांधून फावड्यानं मिरची खालीवर करत होती. तिनं पुष्पलताला बघितलं आणि फावडं टेकवलं. "काहून वं, अशी मधातच? आज तं रविवार नाही."

"बाबा कसे आहेत?"

"आहेत. तिकडं ओसरीत." ताईनं तोंडावरचा पदर सोडला. तिचा चेहरा उतरलेला होता. "आता बोलतच नाहीत, पुष्पे. आधी काहीबाही तरी बोलत. मीही विचारत नाही आता. वेळेवर जेवण, वेळेवर आंघोळ. काय विचारायचं त्याईले?"

पुष्पलतानं तिला तिथंच, मिरचीच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. मशीनचं नाही, फक्त बाबांचं. दवाखान्यातले प्रश्न सांगितले, मग टिमकीतले. ताई आधी ऐकत होती, मग तिचे ओठ हलायला लागले, तीही एकेक उत्तर मागं सरकवून बघत होती. मग ती मटकन ओट्यावर बसली. "म्हणजे दुखत होतं त्याईले," ती म्हणाली. "मी गोळी बंद केली. मीच." मग ताई एकदम म्हणाली, "आन मंग ते जीपमधलं?"

"काय जीपमधलं?"

"आणताना. नागपूर सुटता सुटता रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली होती. बाबा एकदम मोठ्यानं म्हणाले, येजो. मले वाटलं, त्या फाटकवाल्याले म्हणून राहिले. आम्ही हसलो." ताईनं डोळे पुसले आणि मिरचीच्या हातानं ते आणखीच पेटले. "दोनदा म्हणाले. येजो, येजो."

पुष्पलता ओसरीकडे गेली. बाबा खाटेवर भिंतीला टेकून बसवलेले होते. अंगात ताईच्या नवऱ्याचा, देवरावभाऊजींचा सदरा, मोठा होत होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती खाली जमिनीवर बसली, त्यांच्या डोळ्यांच्या समोर चेहरा आणला, आणि ओठ मोठे हलवून, साचेखात्यात बोलायचे तसं, एकच विचारलं, "बाबा, घरी चालता का?"

ताई तांब्या घेऊन आली. "बाबा, पाणी—" ती म्हणत होती, तेवढ्यात पुष्पलतानं तिचा हात धरला. "ताई, काही विचारू नको. आता कुणीच काही विचारू नका." ताई तांब्या धरून दारात उभी राहिली. मग खाली बसली.

वाट बघणं किती कठीण असतं हे तिला माहीत नव्हतं. प्रश्न जिभेवर येत होते, तुम्हाला भूक लागली का, पाठ अवघडली का, माझ्यावर रागावलात का. एकेक तिनं गिळला. त्यांच्या डोळ्यांत काही तरी चाललेलं दिसत होतं. तो प्रश्न आत कुठल्या तरी लांबच्या वाटेनं जात असावा, पडझडीतून, अडखळत. अंगणातलं ऊन मिरचीवरून सरकत भिंतीवर गेलं. कुणी तरी फाटकाशी येऊन ताईला हाक मारून गेलं, ताई उठली नाही. आणि मग पुष्पलताला समजलं की आपण काय विचारून बसलो आहोत. घरी, असं ती म्हणाली होती. तिच्या मनात प्रताप नगरातली मागची खोली होती. त्यांच्या मनात टिमकी असणार. दुसरं घर त्यांना माहीतच नव्हतं. प्रश्न परत घ्यावा असं तिला वाटलं. पण तो आता तिच्या हातात राहिला नव्हता.

"हाव," बाबा म्हणाले. आवाज घोगरा होता, पण शब्द अख्खा होता. "चाल." आणि त्यांचा डावा हात सदऱ्याखाली गेला. तो कमरेवरून चाचपत फिरला, करदोड्यावरून पुढं, मागं, परत पुढं. ते किल्ली शोधत होते.

शोभाताईनं तोंड फिरवलं. पुष्पलतानं पर्समधून प्रताप नगरची किल्ली काढली. का काढली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं तो चाचपणारा हात धरून बाहेर आणला, तळव्यावर किल्ली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, टिमकीची खोली मी सोडली. ही दुसरी आहे. प्रताप नगरात. माझ्याजवळ राहायचं तिथं." तिनं ओठ नीट हलवले, एक शब्दही गाळला नाही.

बाबांचा अंगठा किल्लीवरून फिरला. दात्यांवरून, गोल कड्यावरून. जुनी किल्ली लांब दांडीची होती, ही आखूड आणि चपटी. अंगठा एकदा थांबला आणि परत पहिल्यापासून फिरला. मग थांबलाच. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. वेळ गेला. पुष्पलतानं पुढचं काही विचारलं नाही. आणि मग किल्ली मुठीत असलेला तो डावा हात चादरीवरून उचलला गेला. आधी छातीपर्यंत आला, तिथं अडकला, आणि डोक्याच्या वर गेला.

कळलं होतं त्यांना. टिमकी गेली हे त्यांना कळलं होतं. हात वर धरून ते बसले होते. डाव्या हाताला ती सवय नव्हती. "बाबा, दुखेल, खाली घ्या," ताई म्हणाली आणि तो हात धरायला पुढं झाली. पण पुष्पलताला माहीत होतं की तो तसा खाली येणार नाही. तिनं आपला हात वर केला की झालं. मग निरोप पोचला, दोन्हीकडून पोचला, मग टिमकी खरोखरच संपली. तिला आपला हात उचलवेना. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि ते तिच्याकडे, गल्लीच्या मधोमध उभे असल्यासारखे, न रागावता, थांबून. त्यांचा खांदा थकून वाकायला लागला तेव्हा तिनं आपला हात वर केला.